जेसन-सर्व्हर ५ महिने वापरल्यावर: डेटा अपडेट करायला शिकताय तर हेच घ्या

जावास्क्रिप्ट शिकताना सर्व्हरवरचा डेटा आणून पानावर दाखवणं बहुतेकांना आठवड्याभरात जमतं, मलाही जमलं. घोडं अडतं ते पुढं, तोच डेटा बदलून परत सर्व्हरवर पाठवायचा असतो तेव्हा. पोस्ट (नवीन नोंद), पुट आणि पॅच (बदल), डिलीट (पुसणं) हे सर्व्हरला पाठवायचे चार शब्द पाठ होतात, कोड कॉपी करून चालतो पण, कन्सोलमधे काहीतरी उत्तर येतं, आणि तरी पुट आणि पॅचमधे नेमका फरक काय हे कुणी विचारलं तर आपण गप्प. माझं असंच झालेलं आणि माझ्याबरोबर शिकणाऱ्या तिघी-चौघींचंही तेच, म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय, सरावासाठी सर्व्हर चालवून देणाऱ्या जेसन-सर्व्हर या फुकट टूलचा. ५ महिने रोज संध्याकाळी वापरलंय.

आधी मी सगळ्यांसारखं जेसन प्लेसहोल्डर वापरत होते. ते वाईट अजिबात नाही हां. १०० पोस्ट, ५०० कमेंट, २०० टू-डू, १० युजर असा तयार डेटा इंटरनेटवर ठेवलाय, लॉगिन नको, एपीआय-की (परवानगीचा कोड) नको, पत्ता टाकला की डेटा हातात. वाचायला शिकायचं असेल तर याच्यापेक्षा सोपं काही नाही. पण त्याला पोस्ट रिक्वेस्ट पाठवली की ते म्हणतं झालं, तुमच्या नोंदीचा आयडी १०१. परत पाठवा, परत १०१. दहादा पाठवा, १०१च. कारण ते खरोखर काही साठवतच नाही, साठवल्यासारखं उत्तर देतं, आणि हे त्यांनी स्वतःच्या पानावर स्पष्ट लिहिलेलंही आहे. मग पॅच करून टायटल बदलायचं, उत्तरात बदललेलं टायटल बघायचं, पान रिफ्रेश केलं की जुनंच. नवीन शिकणाऱ्या माणसाला इथं कळत नाही की आपला कोड चुकला की सर्व्हरनं ठेवलं नाही, मी दोन दिवस माझ्या कोडमधेच चूक शोधत होते.

जेसन-सर्व्हर त्याच माणसानं बनवलंय ज्यानं जेसन प्लेसहोल्डर बनवलं, पण हे आपल्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालतं. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) टाकलेलं असलं की झालं. डीबी डॉट जेसन नावाची एक फाईल करायची, त्यात आपला डेटा लिहायचा, टर्मिनलमधे एक ओळ टाकायची की ३००० नंबरच्या पोर्टवर सर्व्हर सुरू. ३० सेकंदात होतं असा त्यांचा दावा आहे आणि पहिल्यांदा इन्स्टॉल व्हायला लागणारा वेळ सोडला तर तो खरा आहे. मुख्य गोष्ट म्हणजे तुम्ही जे पाठवाल ते त्या फाईलमधे खरंच लिहिलं जातं. एका बाजूला एडिटरमधे फाईल उघडी ठेवायची, दुसऱ्या बाजूला ब्राउझर, बटण दाबलं की फाईलमधली ओळ डोळ्यासमोर बदलते. मला वाटतं शिकवण्याचं सगळं सामर्थ्य या एका गोष्टीत आहे.

माझा प्रोजेक्ट सांगते म्हणजे कळेल. माझे काका गावच्या दूध संस्थेत सचिव आहेत. सकाळ-संध्याकाळ संकलन, प्रत्येक सभासदाचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) वहीत लिहायचं, दरपत्रकावरून दर काढायचा आणि १० दिवसांनी बिल. संस्थेचा खरा डेटा मी घेतला नाही, नुसती वहीची रचना घेतली आणि आकडे मनानं टाकले. एका नोंदीत आयडी, सभासद नंबर, तारीख, वेळ, लिटर, फॅट आणि एसएनएफ. उदाहरणार्थ सभासद १४, सकाळ, साडेसहा लिटर, फॅट ३.८, एसएनएफ ८.५, गाईचं दूध.

आता काम असं की फॅट चुकून ३.८ लिहिलेली, मशीनवर ४.१ होती, ती दुरुस्त करायची. मी आधी पुट वापरलं, कारण ज्या व्हिडिओवरून शिकले त्यात अपडेट म्हणजे पुट असंच सांगितलेलं. बॉडीमधे, म्हणजे रिक्वेस्टबरोबर जाणाऱ्या मजकुरात, फक्त फॅट ४.१ पाठवली. उत्तर २०० आलं, म्हणजे सगळं ठीक. आणि उघड्या फाईलमधे बघते तर सभासद १४ची नोंद एवढीच उरलेली, आयडी आणि फॅट. लिटर गेलं, एसएनएफ गेलं, तारीख गेली, सभासद नंबरसुद्धा गेला. काका शेजारीच चहा पीत बसलेले, ते वाकून बघत म्हणाले, "अगं, फॅट दुरुस्त केलीस ती बरोबर, पण लिटर कुठं गेलं? त्याचं बिल काय शून्य काढू?"

त्या दिवशी मला पुट कळलं. पुट म्हणजे दुरुस्ती नाहीच, पुट म्हणजे वहीचं ते पान फाडून त्याच नंबरचं नवीन पान लावणं. नवीन पानावर तुम्ही जेवढं लिहाल तेवढंच राहणार. पॅच म्हणजे त्याच पानावर एक आकडा बदलणं. पॅचनं फॅट ४.१ पाठवली की बाकी नोंद जशीच्या तशी. हा फरक मी आधी चार ठिकाणी वाचलेला होता, पण लिटर गेलेलं डोळ्यांनी बघितल्यावरच तो बसला. जेसन प्लेसहोल्डरवर पुट केलं असतं तर उत्तरात तेवढेच दोन रकाने दिसले असते, पण मूळ नोंद तिथं शाबूत, त्यामुळं काही हरवलंय हे जाणवलंच नसतं.

गंमत म्हणजे हा पॅच वेबवर बराच उशिरा आला, त्याचा अधिकृत दस्तऐवज २०१०चा आहे, पुट त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आणि साध्या एचटीएमएल फॉर्मला आजही गेट आणि पोस्ट सोडून बाकी काही पाठवता येत नाही, पुट-पॅच-डिलीट करायचं तर जावास्क्रिप्टच लागते. म्हणून हे सगळं आपल्या वाट्याला येतं.

आता जिथं मी अडकले ते सांगते, कारण हे टूल घेतलं की तुम्हीही तिथंच अडकणार.

पहिलं, हेडर, म्हणजे रिक्वेस्टबरोबर जाणारी तिच्याबद्दलची माहिती. ०.१७ या जुन्या व्हर्जनमधे (मी तेच वापरते) पोस्ट, पुट किंवा पॅच करताना कंटेंट-टाईप हेडर ॲप्लिकेशन-जेसन असा द्यावाच लागतो. नाही दिला तर एरर येत नाही, यशस्वी झाल्याचं उत्तर येतं आणि तुमचा बदल काही साठवला जात नाही. त्यांच्या माहितीपत्रकात ही ओळ आहे पण मी वाचली नव्हती. फेच (ब्राउझरचं रिक्वेस्ट पाठवायचं फंक्शन) वापरताना ऑब्जेक्टला जेसन डॉट स्ट्रिंगिफाय करून, म्हणजे त्याची स्ट्रिंग बनवून दिलं की फेच ते साधा मजकूर समजतो आणि हेडरही साध्या मजकुराचा लावतो, त्यामुळं हेडर आपणच लिहायचा. ॲक्सिओस (फेचऐवजी वापरतात ती लायब्ररी) वापरणाऱ्यांना हे समजत नाही कारण ॲक्सिओस ऑब्जेक्ट दिला की स्ट्रिंगही स्वतः करतो आणि हेडरही स्वतः लावतो. म्हणून माझं मत असं की शिकताना आधी फेचनं करा, हात बसला की खुशाल ॲक्सिओस घ्या.

दुसरं फारच छोटं आणि फारच त्रासदायक. फेचमधे मेथड लिहिताना पोस्ट किंवा पुट लहान अक्षरात लिहिलं तरी चालतं, ब्राउझर ते स्वतः मोठ्या अक्षरात करून घेतो. पण पॅच करत नाही! पॅच हा शब्द त्या यादीतच नाही, लहान अक्षरात लिहिला तर तसाच जातो आणि लहान अक्षरातला पॅच सर्व्हरच्या परवानगीच्या यादीत बसत नाही. मला कन्सोलमधे लालभडक कॉर्सचा (एका ठिकाणच्या पानानं दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरशी बोलायच्या नियमांचा) एरर आला आणि मी दुपारभर कॉर्सबद्दल वाचत बसले, तर नुसती पाच अक्षरं मोठी करायची होती. सगळ्या मेथड कायम मोठ्या अक्षरातच लिहा, विषय संपला.

कॉर्सवरून आठवलं, नेटवर्क टॅबमधे एकदा बघा जरूर. माझं पान ५५०० पोर्टवर आणि सर्व्हर ३००० वर, म्हणजे ब्राउझरच्या हिशोबानं दोन वेगळी ठिकाणं. अशा वेळी पॅचचं बटण एकदा दाबलं तरी दोन रिक्वेस्ट दिसतात, आधी ऑप्शन्स नावाची जाते, ती सर्व्हरला विचारते की बाबा हा इथून पॅच करू पाहतोय, चालेल का, आणि सर्व्हर हो म्हणाला की मग खरी पॅच जाते. जेसन-सर्व्हर सुरुवातीपासूनच हो म्हणायला तयार असतो, काही सेटिंग करावं लागत नाही. मला आधी वाटलेलं माझा कोड दोनदा चालतोय.

तिसरं, यशस्वी झालं की नाही हे ओळखणं. याच्यावर मला जास्त बोलायचंय कारण माझ्या ओळखीत निम्म्या लोकांच्या कोडमधे ही चूक आहे. फेच फक्त तेव्हाच कॅचमधे (एरर पकडणाऱ्या भागात) जातो जेव्हा रिक्वेस्ट पोचतच नाही, म्हणजे नेट गेलं, सर्व्हर बंद आहे, कॉर्सनं अडवलं. सर्व्हरनं उत्तर दिलं आणि ते उत्तर ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरमधे बिघाड) असलं तरी फेचच्या दृष्टीनं काम झालं! मी सभासद ९९९ची नोंद पॅच केली, जी नव्हतीच, सर्व्हरनं ४०४ दिलं आणि माझ्या पानावर हिरव्या रंगात "दुरुस्ती जतन झाली". हे खऱ्या संस्थेत झालं असतं तर सचिवाला वाटलं असतं झालं आणि बिलाच्या दिवशी भांडण. त्यामुळं उत्तर आलं की आधी रिस्पॉन्स डॉट ओके तपासायचं, ते खोटं असेल तर आपणच एरर फेकायचा आणि मगच पुढं. जेसन-सर्व्हरवर ही सवय फार छान लागते, कारण दोन्ही प्रकारचं अपयश हातानं घडवता येतं. नसलेला आयडी दिला की ४०४, आणि टर्मिनलमधे कंट्रोल-सी दाबून सर्व्हरच बंद केला की कॅच. मी दोन्हीसाठी वेगवेगळे मेसेज ठेवलेत, "ही नोंद सापडली नाही" आणि "सर्व्हरपर्यंत पोचलं नाही, परत दाबा".

परत दाबा म्हटलं की अजून एक प्रश्न येतो. आमच्याकडं रेंजचा भरवसा नाही, माणूस बटण दाबतो, काही होत नाही, परत दाबतो, परत दाबतो. पोस्ट असेल तर तीनदा दाबल्यावर फाईलमधे त्याच दुधाच्या तीन नोंदी, साडेसहा लिटरचे साडेएकोणीस. पुट असेल तर त्याच आयडीवर तेच पान तीनदा लावलं, शेवटी नोंद एकच. कितीदाही पाठवलं तरी परिणाम एकच, पाठ्यपुस्तकात याला आयडेम्पोटंट म्हणतात, शब्द अवघड आहे पण ०.१७ मधे डिलेचा पर्याय देऊन २-३ सेकंद उशीर लावा आणि बटण पटापट दाबा, अर्थ लगेच कळतो. मी शेवटी दोन्ही केलं, रिक्वेस्ट गेली की उत्तर येईपर्यंत बटण बंद, शिवाय डिलीटला आधी विचारणा.

आकड्यांचं पण सांगायलाच हवं. इनपुटमधून आलेली किंमत कायम स्ट्रिंग असते, रकाना नंबरचा असला तरी. मी पॅचमधे ती तशीच पाठवली आणि जेसन-सर्व्हरनं तशीच ठेवून घेतली, फाईलमधे ७ ऐवजी अवतरणचिन्हातला ७. बाकी नोंदी नंबर, ही एक स्ट्रिंग. दिवसाचं एकूण लिटर काढताना ६.५ आणि ७ यांची बेरीज साडेतेरा यायला हवी ती आली ६.५७, कारण बेरीज न होता दोन्ही एकापुढं एक चिकटले. पाठवण्याआधी नंबर करून घ्या. आणि इथंच या टूलची मर्यादाही आहे, ते काहीही तपासत नाही. फॅट ४१ पाठवा, लिटर उणे ५ पाठवा, सगळं गोड मानून घेतं. खरा सर्व्हर ४०० किंवा ४२२ (पाठवलेला डेटा चुकीचा) देऊन परत पाठवेल आणि ते हाताळायचा सराव इथं होत नाही. लॉगिन, टोकन, कुणाला काय बदलायची परवानगी, यातलंही काही नाही. हे शिकायचं टूल आहे, खऱ्या कामाला लावायचं नाही, एवढं डोक्यात ठेवून घ्या.

दोन माणसांनी एकदम दुरुस्ती केली तर? हे मी दोन टॅब उघडून करून बघितलं. दोन्हीकडं तीच नोंद उघडली, एकीकडं लिटर बदललं, दुसरीकडं फॅट. पुट असेल तर दुसऱ्यानं पहिल्याचं लिटर पुसून जुनंच परत लावलं, कारण त्याच्याकडं उघडलेलं पान जुनं होतं. पॅचमधे दोन्ही बदल टिकले कारण रकाने वेगळे होते, पण दोघांनीही फॅटच बदलली असती तर नंतरचा जिंकला असता. खऱ्या सर्व्हरवर यासाठी ई-टॅग असतो, नोंद आणताना तिच्याबरोबर एक खूण येते, बदल पाठवताना ती खूण इफ-मॅच हेडरमधे परत द्यायची, मधल्या काळात नोंद बदललेली असेल तर सर्व्हर ४१२ देतो आणि तुमचा बदल घेत नाही. जेसन-सर्व्हरवर हे जमत नाही, पण प्रश्न काय आहे हे दोन टॅबमधे स्वच्छ दिसतं.

व्हर्जनचा घोळ आहे थोडा. जुने व्हिडिओ, जुने कोर्स सगळे ०.१७ किंवा त्याच्या आधीच्या व्हर्जनवर केलेले आहेत आणि १ नंबरच्या नवीन व्हर्जनमधे बरंच बदललंय. आयडी आता स्ट्रिंग असतात, त्यामुळं तीन बरोबरचिन्हांनी (त्यात नंबर की स्ट्रिंग हेही जुळावं लागतं) आयडी १४ शोधलात तर सापडत नाही. डिलेचा पर्याय काढून टाकलाय, त्याऐवजी ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधून नेट हळू करा असं ते सांगतात. व्हिडिओ बघून शिकत असाल तर इन्स्टॉल करताना नावापुढं ०.१७ व्हर्जन लिहून तेच घ्या, नाहीतर व्हिडिओत एक आणि तुमच्याकडं दुसरं असं होत राहील. मी स्वतः शिकायला ०.१७च ठेवलंय.

अजून एक, हे टूलचं नाही पण हमखास होतं. एडिटरमधे फाईल बदलली की पान आपोआप रिफ्रेश करणारं एक्स्टेंशन बहुतेकांकडं असतं. तुम्ही पॅच करता, डीबी डॉट जेसन बदलते, ती त्याच फोल्डरमधे असते, एक्स्टेंशनला वाटतं कोड बदलला आणि ते पान रिफ्रेश करतं, तुमचा "जतन झालं" मेसेज दिसायच्या आत गायब. डीबीची फाईल प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर ठेवा की हा त्रास बंद. माझ्या मैत्रिणीनं यापायी फॉर्मचा अख्खा कोड दोनदा लिहिला, प्रिव्हेंट डिफॉल्ट (फॉर्म पाठवल्यावर पान रिफ्रेश होणं थांबवणारी ओळ) विसरलं असेल म्हणून.

डिलीटबद्दल फार काही नाही, चालतं नीट. फक्त इथं ०.१७ मधे डिलीट केल्यावर रिकामा ऑब्जेक्ट परत येतो, पण बरेच खरे सर्व्हर २०४ देतात आणि बॉडीत काहीच नसतं, तिथं सवयीनं रिस्पॉन्स डॉट जेसन केलं तर एरर येतो. डिलीटनंतर बॉडी वाचायची सवयच लावू नका.

५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो तपासणी नसल्याबद्दल आणि व्हर्जनच्या घोळाबद्दल. फुकट आहे, नेट नसताना चालतं (आमच्याकडं हे फार मोठं आहे), माझ्या ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर जड पडत नाही.

काकांना शेवटी सगळं दाखवलं, पॅचनं फॅट ३.८ची ४.१ केली, लिटर जागेवर राहिलं, त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "आधी किती होती?" मी म्हटलं ३.८. "ते तुला आठवतंय, वहीत कुठं दिसतंय?" त्यांच्या वहीत खोडलं तरी जुना आकडा एका रेघेखाली वाचता येतो आणि बाजूला सही असते. व्हाईटनर चालत नाही, ऑडिटला अडतं. पॅचमधे जुना आकडा कायमचा जातो. मग मी डीबीच्या फाईलमधे दुरुस्त्या नावाची दुसरी यादी केली. आता दुरुस्तीचं बटण दाबलं की आधी त्या यादीत पोस्ट जातं, कुठल्या नोंदीचं काय, जुनं किती, नवीन किती, कुणी आणि कधी, त्याचं २०१ (नोंद तयार झाली) उत्तर आलं तरच मूळ नोंदीवर पॅच जातं. दोन्हीच्या मधे मुद्दाम कंट्रोल-सी दाबून बघितलं, पोस्ट झालं आणि पॅच राहिलं, तर पानावर त्या नोंदीपुढं पिवळी खूण येते की दुरुस्ती लिहिलीय पण लागलेली नाही, आणि परत दाबलं की फक्त पॅच जातं. त्या खुणेचा कोड लिहायला चार संध्याकाळ गेल्या. काकांनी ती खूण बघितली आणि आता स्क्रीनवर सहीसाठी एक रकाना हवाय म्हणाले, ते काम सध्या चालू आहे.